वरची खुर्ची, खालची झोप

पत्र एका पन्नाशीच्या बाईंचं आहे. बावीस वर्षं त्या स्वतःच्या घरात राहतात. डोक्यावरचं घर आठ महिन्यांपूर्वी तीन नोकरदार मुलांना भाड्यानं दिलं गेलं आणि तेव्हापासून बाईंच्या झोपेचं खोबरं झालंय. रात्री साडेअकरानंतर खुर्ची ओढल्याचा आवाज, टाचा आपटत चालणं, बाराच्या सुमाराला वॉशिंग मशीन आणि शनिवारी गाण्याचा नुसता धम्-धम् ठेका. बाईंनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकून पाहिलं. दोन मिनिटं शांतता, की पुन्हा खुर्ची. घरमालक परगावी असतात. फोन केला तर म्हणाले, "भाडं वेळेवर येतं, मुलं सभ्य आहेत, तुम्ही आपसात बघा." नवरा उशीला डोकं टेकताच घोरायला लागतो आणि सकाळी म्हणतो, "तू फार मनाला लावून घेतेस." आता सोसायटीत लेखी तक्रार करून या मुलांना घर सोडायला लावावं, असं त्यांच्या मनात आहे. "भाडेकरूंना शेजाराची काय पडलीय? आज इथं, उद्या तिथं," असं त्या लिहितात. पत्राची शेवटची ओळ आहे, "माझं काही चुकतंय का?"

ताई,

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. झोप मोडली की माणूस चिडतो, त्यात तुमचं काही चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक आकड्यांप्रमाणे झोपायच्या खोलीत सलग येणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा आणि मध्येच होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये. डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नसतो. आकडा दहानं वाढला की आवाजातली ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. रात्री सगळीकडे सामसूम असताना डोक्यावर लोखंडी पायांची खुर्ची फरशीवरून ओढली गेली तर ती खालच्याला जागं करणारच. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. तेव्हा "मनाला लावून घेतेस" हे यजमानांचं म्हणणं तूर्त बाजूला ठेवा. एकाच खोलीत एकाच आवाजानं एकाला जाग येते आणि दुसरा ढिम्म हलत नाही, हे घरोघरी दिसतं. तो तुमचा दोष नाही, आणि त्यांच्या घोरण्याचं कर्तृत्वही नाही.

आता जरा कान पकडते. तुमच्या अडीच पानी पत्रात "ते भाडेकरू" अकरा वेळा आलंय. मोजलं मी. त्यांच्यातल्या एकाचंही नाव एकदासुद्धा आलेलं नाही. आठ महिन्यांत तुम्ही घरमालकाशी बोललात, यजमानांशी बोललात, समोरच्या वहिनींशी बोललात, मला लिहिलंत. राहिली ती तीन मुलं.

तुम्ही लिहिता, "आठ महिने सहन केलं." खरंच केलंत. पण त्या मुलांच्या बाजूनं पाहा. खालच्या काकू आठ महिन्यांत काही बोलल्या नाहीत, म्हणजे सगळं ठीक आहे, असंच त्यांना वाटत असणार. आपलं सहन करणं समोरच्याला ऐकू जात नसतं. ते आपल्या डोक्यात साठत जातं, आणि एके दिवशी आपण नवव्या महिन्याच्या रागानं बोलायला जातो. समोरच्यासाठी तो पहिलाच दिवस असतो. मग तो गडबडतो, उलट बोलतो आणि आपण म्हणतो, बघा, म्हटलं नव्हतं!

झाडूच्या दांड्याचंही तेच. तो सांगतो फक्त एवढंच, की कुणीतरी चिडलंय. कशावर चिडलंय ते सांगत नाही. खुर्ची ओढली गेली, तुम्ही जाग्या झालात, उठलात, झाडू शोधलात, ठोकलंत. तोवर वरचा मुलगा खुर्चीवरून उठून पाणी प्यायला गेलेला असतो. त्याला वाटतं, पाणी पिण्यावर काय राग असेल? गेल्या वर्षी याच सदराला एका भाडेकरू मुलीचं पत्र आलं होतं. तिनं लिहिलं होतं, की खालच्या घरातून मधूनमधून छत ठोकतात, आम्ही दोघी चवड्यांवर चालतो, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघतो, तरी ठोकतात, आणि जिन्यात भेटलं की मान फिरवतात. नेमका कुठला आवाज त्यांना खटकतो, तेवढं कुणी सांगितलं तर बरं होईल. त्या पत्रातली खालची बाई तुम्ही नाही. पण असू शकला असतात.

"भाडेकरूंना काय पडलीय" या वाक्यापाशी थोडी थांबते, कारण तुमच्यासारखी बरीच पत्रं याच वाक्यावर येऊन अडतात. भाड्यानं राहणाऱ्याला शेजार नको असतो असं नाही. खरं तर घरमालकाकडे तक्रार गेली तर डोक्यावरचं छप्पर जाईल, ही टांगती तलवार त्याच्याच मानेवर असते, मालकी हक्कानं राहणाऱ्याच्या नव्हे. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. दुसऱ्याच्या घरात त्याला हात बांधून राहावं लागतं. दाराची बिजागरी करकरते, मशीनची जागा मालकानं ठरवलेली, फरशी उघडी, खिळा मारायची परवानगी नाही. जाजम घालावं तर अकरा महिन्यांनी गुंडाळून कुठं न्यायचं? तुम्हाला जो निष्काळजीपणा वाटतो, त्यातला काही भाग घराचाच असतो.

आणि घर सोडायला लावलंत, असं धरून चालू. पुढं काय? घर रिकामं राहणार नाही. नवे येतील. कदाचित त्यांना दोन लहान मुलं असतील, आणि दोन वर्षांच्या पोराला चवड्यांवर चालायला कुणीही सांगू शकत नाही. माणसं बदलतील. स्लॅब तोच राहील.

या स्लॅबबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण निम्मे गैरसमज तिथलेच आहेत. शेजारच्या घरातून आवाज दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची: बोलणं, टीव्ही, गाणी. हा आवाज भिंतीला धडकतो, भिंत थोडी थरथरते आणि पलीकडची हवा हलवते. भिंत जितकी जड, तितका तो अडतो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण ५-६ डेसिबल कमी होतात, त्यामुळे नंतर काही चिकटवून फारसं हाती लागत नाही. दुसरी वाट आघाताची: खुर्ची, टाच, पडलेली वस्तू, आपटलेलं दार, फिरणारं मशीन. इथं आवाज मधल्या हवेतून यायची गरजच नसते. खुर्चीचा पाय थेट स्लॅबला हलवतो, स्लॅब तुमचं छत असतं आणि तुमच्या भिंतीही त्यालाच जोडलेल्या असतात. म्हणून खुर्ची ओढणाऱ्याला ती जितकी ऐकू येते, त्याहून खालच्याला कधीकधी जास्त कर्कश वाटते. वरच्याला हे कळायचा मार्गच नसतो. तो त्याच्या खोलीत बसून प्रामाणिकपणे म्हणतो, "आम्ही तर काहीच आवाज करत नाही."

असा आवाज सांगाड्यातून तिरका, आडवा, कसाही फिरतो. त्यामुळे तो "वरूनच" येतोय याची खात्री आधी करून घ्या. मी स्वतः यात तोंडघशी पडलेली आहे. आमच्या वरच्या घरात रात्री गोट्या पडल्याचा आवाज यायचा. टक्, टक्-टक्, टकटकटक, आणि मग घरंगळत गेल्यासारखा. वरच्यांना एक नातू होता. मी मनातल्या मनात त्या पोराला आणि त्याच्या आजीला किती बोलले असेन, सांगत नाही. मग ते सगळे आठवडाभर गावाला गेले. घराला बाहेरून कुलूप. रात्री साडेबाराला माझ्या डोक्यावर गोट्या पडल्या, नेहमीसारख्या. निघालं काय, तर पाण्याचा नळ. कुणी नळ झटकन बंद केला की वाहतं पाणी पाइपात एकदम अडतं, हिसका बसतो आणि सैल क्लॅम्पमधला पाइप भिंतीवर आपटत राहतो. प्लंबरनं दोन क्लॅम्प आवळले, गोट्या बंद. पोराला मी नंतर उगाचच एक चॉकलेट दिलं. त्याला अजून कळलं नसेल कशाबद्दल.

तुमची खुर्ची खुर्चीच असेल बहुतेक. पण वॉशिंग मशीनबद्दल मला शंका आहे. ते नक्की त्यांचंच आहे, की शेजारच्या भिंतीपलीकडचं? जाऊन विचाराल तेव्हाच कळेल.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास आवाजावर प्रयोग केले. लोकांना कामं दिली आणि मध्येमध्ये कानठळ्या बसवणारे मिश्र आवाज ऐकवले. काहींना ते ठरावीक वेळानं, काहींना कधीही. मग आवाज थांबवून त्यांना न सुटणारी कोडी आणि मजकुरातल्या चुका शोधायचं काम दिलं. ज्यांना आवाज कधी येईल हे माहीत नव्हतं, त्यांनी कोडी लवकर सोडली आणि चुकाही जास्त केल्या. आवाज तेवढाच होता. पुढचा भाग मला फार आवडतो. काहींच्या हाताशी एक बटण दिलं होतं. असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगून. जवळजवळ कुणीच ते दाबलं नाही. तरीही ही माणसं नंतरच्या कामात बिनबटणवाल्यांपेक्षा कितीतरी चांगली टिकली.

ताई, तुम्ही रात्री पडल्यापडल्या काय करता ते पत्रात लिहिलंय. "आता येईल, आता येईल म्हणून वाट बघते. नाही आला तरी झोप लागत नाही." खुर्ची ओढली जाते चार सेकंद. वाट बघणं चालतं दोन तास. तुमच्याकडे ते बटण नाहीये. झाडू हे बटण नव्हे, सोसायटीचा अर्जही नव्हे. वरच्या तिघांपैकी एकाचा फोन नंबर, आणि "काकू, त्रास झाला तर बिनधास्त मेसेज टाका" हे त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं वाक्य, हे तुमचं बटण. ते रोज दाबावं लागणार नाही. माझा अंदाज आहे, महिन्यातून दोनदा.

तर जा. पण रात्री बाराला तणतणत नाही, आणि यजमानांना ढालीसारखं पुढं घालूनही नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी जा. सोबत यादी नको, रेकॉर्डिंग नको. पहिल्या भेटीत आठ महिन्यांचा हिशोब काढू नका. नाव विचारा, तुमचं सांगा. मग एकच आवाज निवडा, सगळ्यात जास्त त्रास देणारा आणि सगळ्यात सोप्या उपायाचा. तुमच्या बाबतीत खुर्ची. असं काहीतरी म्हणता येईल: "अरे, तुम्हाला कल्पना नसेल, पण तुमची खुर्ची सरकली की खाली आमच्या बेडरूममध्ये फार मोठ्यानं ऐकू येतं. मला रात्री जाग येते. तुम्ही मुद्दाम करत नाही हे मला माहितेय. काय करता येईल?" शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा. उपाय त्यांच्या तोंडून निघाला तर तो टिकतो.

आवाजाचं वर्णन करा, माणसाचं नको. "साडेअकरानंतर खुर्ची ओढल्यावर जाग येते" यावर वाद घालायला काही उरत नाही. "तुम्हाला काही रीतभात आहे की नाही" यावर रात्रभर वाद घालता येतो.

त्यांचा विश्वास बसला नाही तर एक खेळ करा. तुम्ही वर थांबा, त्यांच्यातल्या एकाला तुमच्या बेडरूममध्ये पाठवा आणि दुसऱ्याला नेहमीसारखी खुर्ची मागं सरकवायला सांगा. खाली गेलेल्या मुलाचा परत आल्यावरचा चेहरा हा दहा अर्जांपेक्षा भारी पुरावा असतो. जाता जाता तुम्हीही वरची खोली बघून घ्या. टेबल नेमकं तुमच्या पलंगाच्या वर आहे का? ते समोरच्या भिंतीला सरकवता येईल का? एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

आणि हो, त्यांना उलट विचारायलाही विसरू नका, "आमचा काही त्रास होतो का?" तुम्हीच लिहिलंय, पहाटे साडेपाचला उठून रेडिओ लावून कामं आवरता. रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलांची ती ऐन झोपेची वेळ. आवाज वरून खाली येतो तसा खालून वरही जातो. ते म्हणाले, "हो, रेडिओ," तर रागावू नका. तुमच्या हातात द्यायला काहीतरी आलं, असं समजा.

उपाय बहुतेक क्षुल्लक असतात. लक्षात ठेवायचं ते एकच, की आघाताचा आवाज जिथं जन्मतो तिथंच मारायचा. खाली आल्यावर तो आवरत नाही. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या किंवा फेल्टच्या चकत्या, टेबलाखाली जाड सतरंजी. घरात कडक तळव्यांच्या चपलांऐवजी मऊ तळव्यांच्या. दार आपटत असेल तर चौकटीच्या आतल्या कडेला फोमची चिकटपट्टी. वॉशिंग मशीनचे चारही पाय फरशीला सारखे टेकलेत का हे आधी पाहायचं. एक पाय जरी अधांतरी असला तरी कपडे पिळताना ड्रम मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो, तेव्हा ते मशीन नाचतं. पाय समपातळीत आणून खाली जाड रबरी पॅड ठेवले की थरथर बरीच कमी होते. पण बाराला लावायचं ते नऊला लावलं तर पॅडचीही गरज नाही. शनिवारच्या ठेक्याचं कारण वेगळं. गाण्यातले बारीक, उंच सूर भिंत गिळते, पण जाड, खर्जातले सूर अडवणं तिला जड जातं, म्हणून तुम्हाला गाणं ऐकू येत नाही, नुसतं धम्-धम् येतं. "आवाज कमी करा" म्हणण्यापेक्षा "बेस कमी करा" म्हणा. मुलांना ते लगेच कळतं आणि गाणंही बंद करावं लागत नाही. स्पीकर जमिनीवर किंवा भिंतीला टेकून असेल तर तो स्टुलावर, खाली रबर घालून ठेवायला सांगा.

तुमच्या बाजूनं काय करता येईल, तर थोडंच, पण करा. पलंगाचं डोकं भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढं ओढा. बोलण्याचा आवाज येत असेल तर फटी बुजवा, कारण जिथून हवा येते तिथून आवाज येतो. दाराखालची फट, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक, खिडकीची सैल झडप. छताला फोमचे चौकोन चिकटवायच्या भानगडीत मात्र पडू नका. तो फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, वरून येणारा अडवत नाही. अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी. पंख्याची किंवा तसल्याच एखाद्या सलग आवाजाची घरघर मात्र कामाला येते, कारण शांततेत टोचणारी टकटक त्या घरघरीत बुडते. कानात घालायचे फोमचे बोळे वापरणार असाल तर नीट घाला: चिमटीत घट्ट पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वरच्या बाजूला धरून वर-मागं ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचे. नुसते तोंडाशी खोचलेले बोळे काही अडवत नाहीत. खर्जातल्या ठेक्यावर त्यांचा इलाज कमीच, आणि कान दुखत किंवा वाहत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.

फॉल्स सीलिंग करून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. एवढा खर्च सगळ्यात शेवटी. छत झाकलं तरी भिंतींतून उतरणारा आवाज उतरतोच. यावरून एक जुनी गोष्ट आठवली. थॉमस कार्लाइल हा स्कॉटिश लेखक आवाजाला इतका कातावला होता, की त्यानं १८५३ मध्ये लंडनच्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची खास आवाजबंद खोली बांधायला काढली. पैसा गेला, महिनोन्‌महिने गवंडी-सुतारांची ठोकाठोक सोसली. खोली झाली, तेव्हा जवळचे आवाज थोडे दबले आणि आधी कधी न जाणवलेले लांबचे आवाज ऐकू यायला लागले. शेजाऱ्यांच्या आरवणाऱ्या कोंबड्यांचा बंदोबस्त शेवटी त्याच्या बायकोनं, जेननं केला. शेजाऱ्यांकडे गेली, ५ पौंड दिले आणि यापुढं कोंबड्या पाळणार नाही असं लिहून घेतलं.

तुम्हाला पैसे द्यायला सांगत नाही. फेल्टच्या चकत्यांचं पाकीट मात्र स्वतः घेऊन जा. "तुम्ही आणा" म्हटलं की ते पुढच्या आठवड्यावर जातं.

आता समजा, गेलात, नीट बोललात, दोनदा बोललात आणि तरी काही फरक नाही. असंही होतं. काही माणसं खरोखरच निगरगट्ट असतात, घर स्वतःचं असो की भाड्याचं. मग दोन आठवडे वही ठेवा. तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ चालला, तुम्हाला काय झालं. "१२ तारीख, रात्री ११:४०, खुर्ची, पाच-सहा वेळा, जाग आली, दीडपर्यंत झोप नाही." बस. विशेषणं नकोत. फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपचा आकडा लिहायला हरकत नाही, पण तो अंदाजच समजा. साधा फोन तपासून दिलेल्या मापकाइतका विश्वासाचा नसतो. त्यांची बोलणी रेकॉर्ड करू नका, ते तुमच्याच अंगाशी येईल. आणि वही दोनच आठवडे. त्याहून जास्त ठेवलीत तर तुम्ही आवाज टिपायला जागत बसाल.

ती वही घेऊन घरमालकांकडे जा, पण या वेळी मागणं बदला. "मुलांना आवरा" म्हटलं की मालक भाड्याकडे बघतो. त्यांच्या हातातलीच कामं मागा: मशीनची जागा बदलून द्या, बेडरूममध्ये जाजम टाकायला परवानगी द्या, करकरणारं दार नीट करा, आणि करार नवा होताना रात्रीच्या शांततेच्या वेळेचं एक कलम घाला. या कामांना मालक सहसा नाही म्हणत नाहीत, कारण यात त्यांचा भाडेकरू जात नाही. त्यानंतर सोसायटी. तिथंही व्यक्तीविरुद्ध अर्ज देण्याआधी सगळ्यांसाठी रात्रीच्या वेळांचा नियम ठरवून मागा. तो तुमच्या रेडिओलाही लागू होईल, हे धरून चाला. कायदेशीर वाट सगळ्यात शेवटी, आणि ती निवडलीत तर तुमच्याकडचे आवाजाचे नियम आणि शांततेच्या वेळा एखाद्या वकिलाकडून नीट समजून घ्या. खुर्ची ओढण्याला कायदा फारसं विचारत नाही, मध्यरात्रीच्या स्पीकरला विचारतो.

दोन प्रसंगांना मात्र वरचं काहीही लागू नाही. पलीकडून मारहाणीचा, मदतीसाठी ओरडण्याचा आवाज आला तर तो "शेजारचा त्रास" नव्हे. लगेच पोलिसांना फोन करा, वही काढू नका. आणि समोरचा दारू पिऊन अंगावर येणारा, धमक्या देणारा असेल तर एकटीनं दार वाजवायला जाऊ नका. तुमची मुलं तशी वाटत नाहीत. तुम्हीच लिहिलंय, की लिफ्ट बंद होती तेव्हा त्यांच्यातल्या एकानं तुमच्या पिशव्या वर आणून दिल्या होत्या. ते वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

एक काळजीपोटी. खुर्चीचा बंदोबस्त झाल्यावरही महिनाभर झोप लागली नाही, शांत रात्रीही छाती धडधडत राहिली किंवा साधे आवाजही कानाला बोचायला लागले, तर डॉक्टरांना दाखवा. आठ महिन्यांची सवय अंगात मुरते. तिच्यावर वेगळे उपचार असतात आणि ते लागू पडतात.

चकत्या घेताना चिकटवायच्या घेऊ नका, त्या थोड्याच दिवसांत सरकून फरशीवर काळ्या रेघा ओढतात. लाकडी पाय असतील तर खिळ्याच्या घ्या, लोखंडी नळीचे असतील तर पायावर चढवायच्या रबरी टोप्या, आणि पायाची जाडी आधी मोजा, म्हणजे पुन्हा दुकानात जावं लागणार नाही. मोजायला वर जावंच लागेल. रविवारी दुपारी चारनंतर जा. शनिवारी ते उशिरा झोपतात, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?